अवघड विषय सोपा करून लिहिताना: शब्दांना हात सगळ्यात शेवटी

माझ्याकडे संपादनासाठी येणाऱ्या लेखांत एक चूक इतक्या वेळा दिसते, की आता पहिल्या परिच्छेदावरूनच ती ओळखू येते. लिहिणारा त्या विषयातला जाणकार असतो. डॉक्टर, अभियंता, सीए, कृषी अधिकारी, कुणीही. 'जरा सोप्या भाषेत लिहा' असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मग तो आपला मूळ मजकूर समोर ठेवतो आणि त्यातले जड शब्द एकेक करून बदलतो. 'पुनरावृत्ती कालावधी' गेला, 'परत येण्याचा काळ' आला. 'विसर्ग' गेला, 'पाण्याचा प्रवाह' आला. वाक्यं तीच, क्रम तोच, शब्द तेवढे हलके. वाचकाला तरीही काही कळत नाही, आणि लेखक म्हणतो, 'मराठीत हा विषय मांडताच येत नाही हो.'

मांडता येतो. इथे कामांचा क्रम उलटा झालेला असतो. शब्द बदलायचं काम जवळजवळ शेवटी येतं. त्याआधीची पाच कामं केली नसतील, तर शब्द कितीही सोपे करा, मजकूर अवघडच राहतो. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

सगळ्या टप्प्यांसाठी मी एकच उदाहरण घेते: नदीची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते नकाशावर दाखवणारी रेषा. त्यात कायदा आहे, गणित आहे, अभियांत्रिकी आहे आणि वाचकाचे पैसेही अडकलेले आहेत. मूळ मजकूर असा समजा:

"सदर भूखंड हा २५ वर्षे पुनरावृत्ती कालावधीच्या महत्तम पूर विसर्गाने व्यापल्या जाणाऱ्या निषिद्ध क्षेत्राबाहेर, तथापि १०० वर्षे पुनरावृत्ती कालावधीच्या महत्तम पूर विसर्गाने व्यापल्या जाणाऱ्या नियंत्रित क्षेत्रात समाविष्ट होत असल्याने, त्यावर अटी व शर्तींच्या अधीन राहून बांधकाम अनुज्ञेय करण्यात येत आहे."

हा उतारा कुठल्या एका कागदावरचा नाही, असल्या कागदांच्या वळणावर मी बेतलेला आहे. ज्यांनी असे कागद वाचलेत त्यांना तो ओळखीचा वाटेल.

टप्पा १. वाचक म्हणून एकच माणूस धरा

'सर्वसामान्य वाचक' नावाचा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. त्याच्यासाठी लिहायला बसलात की लेख सगळ्यांसाठी थोडाथोडा होतो आणि कुणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याची परिस्थितीही ठरवा.

मी धरलेली वाचक अशी: चाळिशीची बाई, नदीपासून पाचेक मिनिटांवरच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघून आली आहे. टोकन अजून दिलेलं नाही. वीस वर्षांचं कर्ज काढणार आहे. वकिलाने कागदातल्या 'नियंत्रित क्षेत्र' या शब्दांवर बोट ठेवलं आणि 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून हात वर केले.

आता एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, तिचा प्रश्न, तिच्याच तोंडच्या शब्दांत: 'इथे पाणी येतं का? मग घेऊ की नको?'

दुसरी, लेख वाचून झाल्यावर ती काय करणार. टोकन देणार, थांबणार किंवा बिल्डरला आणखी काही विचारणार.

तिसरी, या विषयाबद्दल तिच्या डोक्यात आधीपासून काय बसलेलं आहे. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत. मीही लिहीत नसे. दहाएक वर्षांपूर्वी एका पत्रकात 'लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी' असं लिहून मी मोकळी झाले होते. एकही शब्द अवघड नव्हता. सांगलीकडच्या एका आजोबांनी ते वाचलं आणि निर्धास्त होऊन म्हणाले, "म्हणजे २००५ ला येऊन गेला. आता पुढचा माझ्या नातवाच्या नातवाने बघायचा." पुढे २०१९ मध्ये सांगलीत पाणी २००५ पेक्षाही वर चढलं आणि २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. माझं वाक्य त्यांना पहिल्या वाचनात समजलं होतं, फक्त उलटं समजलं होतं. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द कानावर पडले की माणसाला वेळापत्रक आठवतं, कुंभमेळ्यासारखं. हा समज आधी कागदावर उतरवलेला नसेल, तर लेखात तो खोडायचं राहूनच जातं.

तपासा: वाचकाचा प्रश्न एका ओळीत आणि एकही तांत्रिक शब्द न वापरता लिहिता आला का? येत नसेल तर तो प्रश्न वाचकाचा नाही, तुमचा आहे.

टप्पा २. लिहिण्याआधी तोंडी सांगा

फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्या बाईला सांगताय अशा बेताने, समोर कागद न धरता, पाच मिनिटं बोला. मग ऐका. एका विशिष्ट जागी तुमची भाषा बदललेली ऐकू येईल. तोवर 'पाणी चढतं', 'पाणी शिरतं' असं म्हणत असता आणि एकदम 'विसर्गाने क्षेत्र व्यापलं जातं' असं बोलून जाता. नेमकं तिथेच तुम्हाला स्वतःला कळलेलं नसतं. माणूस न कळलेल्या गोष्टीपाशी आला की मूळ कागदातले शब्द जसेच्या तसे उचलतो. ही ठिकाणं लिहून काढा आणि ती घेऊन जाणकाराकडे जा.

पूररेषेच्या बाबतीत मी अडखळले ती जागा 'शंभर वर्षे' हीच होती. एका अभियंत्याने समजावलं ते असं: निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, म्हणजे कुठल्याही एका वर्षात पाणी तिथवर पोचण्याची शक्यता १०० त ४. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची, म्हणजे दर वर्षी १०० त १. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

एवढं कळल्यावर वीस वर्षांच्या कर्जाचं गणित घरबसल्या करता येतं. निळ्या रेषेशी एका वर्षात पाणी न येण्याची शक्यता ९६ टक्के. ०.९६ हा आकडा वीस वेळा आपसांत गुणला की साधारण ०.४४ उरतो. म्हणजे वीस वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता १०० त ५६, निम्म्याहून जास्त! लाल रेषेशी तेच गणित केलं तर १०० त १८ येतं. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे ऐकायला लांबचं वाटतं, '१०० त ५६' अंगावर येतं. दोन्ही आकडे खरे आहेत, पण वाचकाच्या उपयोगाचा दुसरा आहे.

जाणकाराला 'हे सोपं करून सांगा' असं कधीही म्हणू नका. तो लगेच शिक्षकाच्या भूमिकेत जातो आणि व्याख्या सांगायला लागतो. हे तीन प्रश्न विचारा:

- याचा लोक उलटा अर्थ कुठे लावतात?
- हे कुठे लागू पडत नाही?
- तुमच्या सख्ख्या बहिणीने विचारलं तर तिला काय सांगाल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना पेन हातात ठेवा. त्या अभियंत्याने क्षणभर विचार करून सांगितलं, "घे म्हणेन. पण मीटर कुठे बसवलेत आणि गाडी कुठे लावायचीय ते आधी बघ." कागदाच्या पन्नास पानांत हे वाक्य नव्हतं.

टप्पा ३. काय गाळायचं ते आधीच ठरवा

जाणकार माणसाला इथे सर्वांत जास्त त्रास होतो. कष्टाने मिळवलेली माहिती टाकवत नाही. पण वाचकाच्या डोक्यात एका बैठकीत मावतील इतक्याच गोष्टी लेखात येऊ शकतात.

माझा नियम असा: जी माहिती असली-नसली तरी वाचकाचा निर्णय तोच राहतो, ती गाळा. जी गाळल्यावर निर्णय बदलेल, ती एक ओळभर का होईना, ठेवा.

या नियमाने पुराचा विसर्ग काढण्याची सूत्रं गेली. नदीचे छेद कसे घेतात ते गेलं. पूररेषांचे शासन निर्णय कधी निघाले तेही गेलं (मला त्यात रस आहे, फ्लॅट घेणारीला नाही). राहिलं ते हे: 'नियंत्रित क्षेत्र' हे नाव, कारण ते तिला कागदावर पुन्हा दिसणार आहे. बांधकामाला अटींवर परवानगी मिळते, ही गोष्ट. आणि एक अपवाद. नदीची पूररेषा नदीच्या पुरापुरती असते. पुण्यात सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला, तो ओढ्याचा होता. नदीपासून लांब आहोत म्हणून निश्चिंत असलेल्या माणसाच्या घरात नाल्याचं पाणी शिरू शकतं. ही ओळ गाळली तर लेख सोपा होईल आणि खोटाही होईल.

सावधान: सोपं करण्याच्या नादात 'बहुधा', 'साधारण', 'काही ठिकाणी' असले शब्द सर्वांत आधी कापले जातात, कारण त्यांनी वाक्य लांबतं. पण अनेकदा सगळं खरेपण त्या एका शब्दावर टांगलेलं असतं. 'या गोळीने काहींना चक्कर येते' मधलं 'काहींना' काढून बघा.

टप्पा ४. विषयाचा क्रम मोडा, प्रश्नांचा क्रम लावा

जाणकाराचा क्रम ठरलेला असतो: पार्श्वभूमी, व्याख्या, पद्धत, निष्कर्ष, शिफारस. त्याने तो विषय त्याच क्रमाने शिकलेला असतो. वाचकाचा क्रम बरोबर उलटा असतो. तिला आधी शिफारस हवी, मग कारण. व्याख्या अडली तरच हवी आणि पार्श्वभूमी बहुतेक वेळा नकोच.

क्रम लावण्यासाठी मी कागदाचे तुकडे वापरते. एका तुकड्यावर वाचकाचा एक प्रश्न. पूररेषेचे तुकडे असे निघाले:

१. इथे पाणी येतं का?
२. म्हणजे नक्की किती शक्यता?
३. मग बांधायला परवानगी कशी दिली?
४. दुसऱ्या मजल्यावर मला काय फरक पडतो?
५. टोकन देण्याआधी काय विचारू?

प्रत्येक तुकडा आधीच्या उत्तरातून निघाला पाहिजे. 'येतं' म्हटलं की 'किती?' येणारच. 'इतकी शक्यता आहे' म्हटलं की 'मग परवानगी कशी?' हा सवाल कुणीही करणार. जिथे पुढचा तुकडा मागच्यातून निघत नाही, तिथे मध्ये एक प्रश्न राहिलाय असं समजा. मी पहिल्यांदा तुकडे लावले तेव्हा तिसरा प्रश्न नव्हताच. मला परवानगीचं कारण माहीत होतं, म्हणून तो सुचलाच नाही.

तपासा: पहिला परिच्छेद वाचून वाचकाने लेख बंद केला, तरी तिच्या हाती काही लागलं का? लागलं पाहिजे. निम्मे वाचक तिथेच थांबतात असं धरून चला.

टप्पा ५. पहिला खर्डा: वाक्यं मोडा

आता लिहा. टप्पा २ मधलं रेकॉर्डिंग पुन्हा एकदा ऐका आणि त्याच ओघात लिहीत जा. नेमके शब्द सापडत नसतील तिथे फुली मारा आणि पुढे जा.

इथे मराठीच्या घडणीचा एक खास सापळा आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नामाआधी 'णाऱ्या-लेल्या' विशेषणांची हवी तेवढी लांब आगगाडी जोडता येते. मूळ उताऱ्यात बघा: 'कालावधीच्या महत्तम पूर विसर्गाने व्यापल्या जाणाऱ्या निषिद्ध क्षेत्राबाहेर'. आठ शब्द होईपर्यंत वाचकाला ठाऊक नाही की गोष्ट कशाची चालली आहे. इंजिन सगळ्यात मागे. तोवरचे डबे तिने डोक्यात धरून ठेवायचे. त्यातला एखादा शब्द अनोळखी असला की सगळी गाडी रुळावरून घसरते.

उपाय जुनाच आहे. नाम आधी सांगा, मग त्याबद्दल बोला. 'नदीलगत एक पट्टा असतो. मोठा पूर आला की तिथे पाणी येतं. तिथे बांधायला बंदी आहे.' किंवा जो-तो ची जोडी वापरा: 'ज्या पट्ट्यात असं पाणी येतं, तिथे बांधायला बंदी आहे.' बोलताना आपण असंच बोलतो. लिहायला बसलो की अंगात कारकून संचारतो.

दुसरा सापळा 'करण्यात येत आहे'चा. 'पाणी सोडण्यात आले', 'सूचना देण्यात आल्या', 'अनुज्ञेय करण्यात येत आहे'. ज्याने केलं त्याचं नाव या रचनेत गायब होतं, आणि वाचकाला तर तेच हवं असतं, कारण तक्रार किंवा चौकशी तिथेच करायची असते. 'जलसंपदा विभागाने धरणातून पाणी सोडलं.' 'महापालिकेने अटी घालून परवानगी दिली.' कर्ता लिहायला गेलात आणि तो कोण हेच तुम्हाला माहीत नाही असं लक्षात आलं, तर टप्पा २ वर परत जा. माझ्या बाबतीत हे दर लेखात एकदा तरी होतं.

'सदर', 'उपरोक्त', 'तथापि', 'सबब' यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. 'सदर'च्या जागी 'हा' किंवा 'ही' बसते. बाकीचे बहुतेक वेळा नुसते उडवले तरी वाक्य जिवंत राहतं.

सावधान: छोटी वाक्यं म्हणजे सोपी वाक्यं असं नाही. 'पाणी येतं. परवानगी मिळते. अटी असतात.' यात तीन वाक्यं आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय? 'तरीही', 'म्हणून', 'पण', 'तर' हे सांधे ठेवा. ते काढलेत तर जोडायचं काम वाचकावर पडतं.

टप्पा ६. आता शब्द

आता शब्दकोश उघडला तर चालेल. प्रत्येक तांत्रिक शब्दाला एकच प्रश्न विचारा: हा शब्द वाचकाला पुढे कुठे भेटणार आहे का?

भेटणार असेल तर तो बदलू नका. 'निळी रेषा', 'नियंत्रित क्षेत्र', 'क्युसेक' हे तिला नकाशावर, करारनाम्यात, पावसाळ्यातल्या बातम्यांत दिसतील. तुम्ही 'नियंत्रित क्षेत्रा'चं 'सांभाळून बांधायची जागा' केलंत, तर लेख गोड होईल, पण कागद वाचताना तिला तो शब्द सापडणार नाही. अशा शब्दाची ओळख करून द्या: आधी गोष्ट सांगा, मग नाव. 'या दोन रेषांच्या मधल्या जागेला कागदावर नियंत्रित क्षेत्र म्हणतात.' नाव आधी आणि व्याख्या मागून, ही पाठ्यपुस्तकाची पद्धत झाली.

भेटणार नसेल तर काढून टाका, सोपा पर्यायही शोधू नका. 'महत्तम पूर विसर्ग' गेला की गेला.

जो शब्द लोक बोलतात तोच घ्या, मग तो मराठी असो की इंग्रजीतून आलेला. इमारतीच्या पायावरच्या उंच भागाला गवंडी 'जोतं' म्हणतात आणि फ्लॅट घेणारे 'प्लिंथ' म्हणतात. माझी वाचक फ्लॅट घेणारी आहे, म्हणून 'प्लिंथ'. गावात घर बांधणाऱ्यासाठी लिहीत असते तर 'जोतं'. 'वाहनतळ' लिहून भाषेची सेवा होत नाही, तिला पार्किंग हवंय.

शाळेत 'तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका' असं शिकवलेलं असतं. माहितीच्या लेखात तो सल्ला विसरा. एकदा 'पूररेषा' म्हटलं की शेवटपर्यंत 'पूररेषा'. मध्येच 'पूरपातळी' आणि 'पूरसीमा' केलंत तर वाचकाला वाटतं की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तिला वाटतं ते बरोबर आहे, कारण कायद्याच्या कागदात खरोखरच वेगळे शब्द वेगळ्या गोष्टींसाठी असतात.

सर्वांत घातक शब्द मात्र अवघड नसतात. ते रोजचेच असतात, पण त्या विषयात त्यांचा अर्थ वेगळा असतो. 'महागाईचा दर घटला' हे त्याचं ठळक उदाहरण. ऐकणारा म्हणतो, 'कुठे? तूरडाळ तर महागच झाली!' दर ६ टक्क्यांवरून ४ वर आला, तर १०० रुपयांची वस्तू आधी १०६ ची झाली आणि पुढच्या वर्षी साधारण ११० ची. किंमत चढतेच आहे, चढण्याचा वेग कमी झाला. हवामान खात्याचा 'सामान्य पाऊस' तसाच. तो देशाच्या चार महिन्यांच्या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्क्यांत बसणारा पाऊस आहे. माझ्या शेतात तो वेळेवर पडेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तपासताना अशा शब्दांवर कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते सोपे दिसतात. मी खर्ड्यातले असे शब्द लाल पेनने गोल करते.

टप्पा ७. आकडे आणि उपमा

आकडा लिहिलात की त्याच्या शेजारी वाचकाच्या ओळखीचं माप ठेवा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. धरणातून ३५ हजार क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला. टँकर सोसायटीत येत असतो, त्यामुळे डोळ्यांसमोर येतो.

पण तिथेच थांबू नका. शंभर टँकर ऐकून वाचक 'बापरे' म्हणते आणि तिला करायचं काय ते कळत नाही. स्थानिक खूण त्याहून उपयोगी. पुण्यात 'भिडे पूल पाण्याखाली गेला' म्हटलं की नदीकाठच्या माणसाला बरोबर कळतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या माणसाला क्युसेकपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं. लेख कुठल्या गावासाठी आहे ते ठरलेलं असेल तर तिथली खूण शोधा.

शक्यता सांगताना '०.०४' नको आणि नुसते टक्केही नकोत. '१०० त ४' असं, आणि काळ जोडून: 'दर वर्षी' की 'वीस वर्षांत' हे सांगितल्याशिवाय शक्यतेला अर्थ नाही. लेखभर पाया एकच ठेवा. एकीकडे '१०० त ४' आणि दुसरीकडे '५ त १' आलं, तर चारपेक्षा एक कमी म्हणून दुसरी शक्यता लहान वाटते.

उपमेचा वापर मीठ घालण्याइतकाच. पूररेषेसाठी मला लुडोचा फासा चालला: आत्ताच सहा पडला म्हणून पुढच्या फेकीला सहा पडणार नाही असं होत नाही. टप्पा १ मधला वेळापत्रकाचा समज याने एका वाक्यात मोडतो. पण प्रत्येक उपमा कुठेतरी फाटते, आणि कुठे फाटते ते तुम्हाला माहीत हवं. फाशाच्या सहा बाजू बदलत नाहीत. नदी बदलते: काठावर भराव पडतो, पूल होतात, पावसाचा नूर पालटतो. म्हणून फाशानंतर लगेच एक वाक्य: 'फरक इतकाच, की नदीचा फासा वर्षागणिक थोडा बदलत असतो.' हे सांगायला जागा नसेल तर उपमाच काढा.

सावधान: एका गोष्टीला दोन उपमा देऊ नका. फासाही आणि लॉटरीही झाली की वाचक त्या दोघांची तुलना करत बसतो.

टप्पा ८. दोन माणसांना वाचायला द्या, वेगवेगळ्या कामासाठी

एक जाणकार, एक वाचक. घरच्यांना शक्यतो नको, ते दोन्ही कामं वाईट करतात.

जाणकाराला विचारा, "यात चुकीचं काय आहे?" तो पंधरा ठिकाणी खुणा करून पाठवेल. प्रत्येक खुणेला पुढचा प्रश्न: "हे चूक आहे, की अपुरं आहे?" चूक असेल तर मुकाट्याने दुरुस्त करा. अपुरं असेल तर टप्पा ३ चा नियम लावा. बहुतेक खुणा अपुरेपणाच्या निघतात. त्या सगळ्या मान्य केल्यात तर लेख पुन्हा मूळ कागदासारखा होतो. मी हे होताना पाहिलंय, आणि शेवटी छापून आला तो मूळ कागदच, फक्त चित्रं जास्त.

वाचकाला 'समजलं का?' असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात, न समजल्याचं सांगायला कुणाला आवडत नाही. लेख बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, "आता तुम्ही काय कराल?" आणि "शेजारणीला हे कसं सांगाल?" तिच्या तोंडून जे वाक्य येतं, ते बहुधा तुमच्या वाक्यापेक्षा चांगलं असतं. तेच घ्या.

एवढं झाल्यावर आमचा मजकूर असा उतरला:

"ही इमारत नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये आहे. म्हणजे मोठ्या पुरात इथल्या आवारात पाणी येऊ शकतं. किती शक्यता? तुमच्या कर्जाच्या वीस वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता लाल रेषेजवळ १०० त १८ आहे आणि निळ्या रेषेजवळ १०० त ५६. इमारत कुठल्या रेषेला जवळ आहे ते नकाशावर बघा. एकदा पूर येऊन गेला म्हणून पुढची वर्षं मोकळी, असं नसतं.

या मधल्या जागेला कागदावर 'नियंत्रित क्षेत्र' म्हणतात. अटी पाळल्या तर इथे बांधायला परवानगी मिळते, त्यामुळे केवळ या जागेमुळे इमारत बेकायदा ठरत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पाणी शिरण्याची भीती कमी, पण पार्किंग, लिफ्ट, वीजमीटर आणि जमिनीखालची टाकी बुडू शकते. म्हणून टोकन देण्याआधी विचारा: प्लिंथ लाल रेषेच्या किती वर आहे? मीटर आणि जनरेटर कुठे बसवलेत? जवळून नाला जातो का? नाल्याचं पाणी या रेषांत धरलेलं नसतं."

मूळ उताऱ्यापेक्षा हा कितीतरी लांब आहे. सोपं म्हणजे थोडक्यात, असा एक गैरसमज संपादकांमध्येही आहे. जागा मागून घ्या.

शेवटचं काम दोन मिनिटांचं: मजकुराखाली तारीख आणि 'अमुक साली आखलेल्या पूररेषांनुसार' अशी ओळ टाका. रेषा पुन्हा आखल्या जातात, आणि असा कागद सोसायटीच्या फळ्यावर टाचणीला दहा-दहा वर्षं लटकत राहतो.